ताईच्या वॅगन-आरमधला वूफर : नोंदवही, एप्रिल ते जून 2024

7 एप्रिल, रविवार. वर्तकनगर, ठाणे

सकाळी ओंकार दोन खोकी काखेत मारून आला. ऐरोलीला नोकरी लागून सहा महिने झालेत, साठलेल्या पैशांचं काय करायचं हे त्याने ठरवून टाकलं. गाडी ताईची, हौस त्याची, हात माझे. "मामा, पाडव्याच्या आत बसवून दे." म्हणजे दोन दिवसांत.

काय आणलंय ते आधी लिहून ठेवतो. वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) 12 इंची, दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं), कळव्याच्या एका मुलाकडून सेकंड हँड. मॅग्नेटवरचं स्टिकर अर्धं फाटलेलं, मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं गेलेली. ॲम्प (सिग्नल वाढवून वूफरला पॉवर देणारा) नवा, एका चॅनलचा, क्लास डी, म्हणजे कमी पॉवर उष्णतेत घालवणाऱ्या जातीचा. खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत "2000 वॉट".

2000 वॉट म्हणजे आमच्या बाथरूममधला गिझर. तो चालू झाला की मीटरची चकती... आता चकती राहिली नाही, पण बिलात दिसतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून एवढी पॉवर ओढायची तर दीडशेच्या वर अँपिअर लागतील. ॲम्पच्या बुडाशी फ्यूज आहे 40 चा. गाडी चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर 40 गुणिले 13.8, म्हणजे 552 वॉट आत जाणार. क्लास डी त्यातला पाऊण भाग किंवा थोडा जास्त बाहेर काढतो. म्हणजे चारशे-सव्वाचारशेच्या पलीकडे हा ॲम्प जाऊच शकत नाही. खोकं वाचायचंच नाही, फ्यूज वाचायचा.

आतलं माहितीपत्रक मात्र प्रामाणिक निघालं. 14.4 व्होल्टवर, 1 टक्का डिस्टॉर्शनपर्यंत (आवाज बिघडण्याचं प्रमाण) : 4 ओहमला 200 वॉट आरएमएस (सलग देता येणारी पॉवर), 2 ओहमला 350 वॉट, किमान लोड 2 ओहम, म्हणजे वूफरचा अडथळा याहून कमी नको. 2003 साली अमेरिकेत सीईए-2006 नावाचं मानक आलं, तेव्हापासून ज्यांना लपवायचं नसतं ते कार ॲम्पचे वॉट असे अटींसकट लिहितात. वूफरच्या कंपनीच्या तक्त्यात 300 वॉट आरएमएस आहे. "मॅक्स 1200" हा आकडाही आहे, तो सोडून दिला.

ओंकारचा हिशोब तयार होता : "कॉइल 4 ओहमची आहे, मी मोजलीय. दोन पॅरलल (समांतर) केल्या की 2 ओहम, 350 वॉट. जमलं!" त्याने मोजलंय म्हणाला म्हणून मी मोजलं नाही. कारखान्यात नव्या पोराने असं सांगितलं असतं तर मी मीटर घेऊन स्वतः गेलो असतो. भाच्याच्या बाबतीत गेलो नाही.

ताईचं म्हणणं वेगळंच. पेट्रोलचा खर्च परवडत नाही, त्यात हे नवं खूळ. आणि डिकीत भाजीच्या पिशव्या राहिल्या पाहिजेत. तिला सांगितलं, डिकी 341 लिटरची आहे, वूफरची लाकडी पेटी पन्नासच्या आसपास जागा खाईल. ती म्हणाली, "लिटर मला सांगू नकोस, पिशव्या सांग."

9 एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, गाडीला हार घातला, श्रीखंड-पुरी झाली आणि घर घोरायला लागलं. मी मीटर काढला.

वूफरला चार टर्मिनल. बघतो तर पहिल्या कॉइलच्या मायनसपासून दुसऱ्या कॉइलच्या प्लसपर्यंत एक आखूड काळी वायर. जुन्या मालकाने लावलेला जंपर. म्हणजे कॉइल आधीच सिरीजमध्ये (एकीमागे एक) होत्या आणि ओंकारने बाहेरच्या दोन टोकांवर मीटर लावला. 4.0 आले. पोरगा खूश.

जंपर काढला. एकेक कॉइल 2.2 दाखवते. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या तर नुसत्या वायरींचेच 0.4 येतात, ते वजा करायचे. राहिले 1.8. दोन्ही कॉइलचे तेवढेच.

मीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स, आणि तो लेबलवरच्या ओहमपेक्षा नेहमी कमी असतो. 4 ओहमची कॉइल साधारण 3.2 ते 3.7 दाखवते, 2 ओहमची 1.6 ते 1.9. तेव्हा हा वूफर 4 अधिक 4 नाही, 2 अधिक 2 आहे. फाटलेल्या स्टिकरवर नेमकं तेवढंच लिहिलेलं असणार.

हात घातलाच आहे तर बाकीचंही पाहून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल काढून एकेका कॉइलला टेकवला. दोन्ही वेळा कोन पुढे आला, म्हणजे प्लस-मायनसच्या खुणा बरोबर आहेत. दोन्ही तळवे ठेवून कोन सारखा आत दाबला, कुठे घासल्याचा आवाज नाही. माल चांगला आहे, फक्त आपण समजत होतो तो नाही. घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं, ते ताईच्याच लक्षात आलं.

13 एप्रिल, शनिवार रात्र

ओंकारला वहीत मांडून दाखवलं. 2 ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर 4, पॅरलल जोडल्या तर 1. मधलं काही नाही. ॲम्पला रंगात यायला 2 हवेत, वूफरकडे 4 आहेत नाही तर 1. पत्रिका जुळेना.

"मग 1 ओहमवर लावू. ओहम कमी म्हणजे पॉवर जास्त ना?"

बरोबर आहे, म्हणूनच धोका. ॲम्प म्हणजे व्होल्ट देणारं यंत्र. पॉवर म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. 4 ओहमला 200 वॉट द्यायला 28.3 व्होल्ट लागतात. तेच व्होल्ट 2 ओहमवर लावले तर हिशोबाने 400 वॉट यायला हवेत, पण माहितीपत्रक 350 म्हणतं. का? करंट वाढला की ॲम्पच्या आतल्या सप्लायची दमछाक होते, व्होल्ट 26.5 वर येतात. हा उतार त्यांनी स्वतःच कबूल केलाय. आता 1 ओहम लावा. ॲम्प 28 व्होल्ट द्यायला जाणार, वायरीतून 28 अँपिअर बाहेर जाणार, कागदावर 800 वॉट. 40 च्या फ्यूजमधून 800 वॉट येणार कुठून? मॉसफेट (ॲम्पमधले पॉवरचे ट्रान्झिस्टर) तापणार, प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवतोय हे सांगणारा लाल दिवा लागणार. दिवा लागला तर नशीब.

आमच्याकडे कन्व्हेअरच्या मोटरवर लोड वाढला की ओव्हरलोड रिले पडतो. नवीन ऑपरेटर रिले रीसेट करत बसतो, लोड बघत नाही. ॲम्पचं तेच.

ओंकारने मान डोलावली. पटलेलं दिसलं नाही.

20 एप्रिल, शनिवार

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. रविवारी बरीच दुकानं बंद म्हणून शनिवार गाठला. उकाड्याने जीव नकोसा.

एका दुकानात "संपूर्ण वायरिंग किट, 8 गेज" म्हणून पारदर्शक पिशवी पुढे केली. लाल केबल करंगळीएवढी, पण अंगावर प्लॅस्टिक जाड, पोटात तार बारीक. टोकाची एक तार ब्लेडने खरवडली तर आत चांदीसारखी पांढरी. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. दुकानदाराचा चेहरा पडला, मग चढला. "सगळे हेच नेतात साहेब." नेतात खरे.

तांब्याची 25 स्क्वेअर एमएमची लवचीक वायर किलोमीटरला सुमारे 0.78 ओहम. बॅटरीपासून डिकीपर्यंत साडेपाच मीटर, 33 अँपिअर धरले तर 0.14 व्होल्ट वाटेत पडतील. ती 8 गेजची मुलाम्याची वायर खरोखर 8 गेज असली तरी सुमारे 0.6 व्होल्ट खाणार, आणि तापणार वेगळी. गाडीत मुळात व्होल्टच तेरा-चौदा, त्यातले अर्धा-पाऊण वायरीनेच गिळायचे?

तिथून आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी) आणि फ्यूज होल्डर तेवढे घेतले. वायर परत येऊन वागळे इस्टेटमधल्या नेहमीच्या दुकानातून मीटरवर घेतली. ओंकारला एक जुनी युक्ती शिकवली : वजन. 25 स्क्वेअर एमएममध्ये मीटरला सव्वादोनशे ग्रॅम नुसतं तांबंच असतं. मुलाम्याची असेल तर तेवढ्याच जाडीत निम्म्याहूनही कमी भरते. दुकानदाराने काटा पुढे केला. तो आम्हाला ओळखतो.

28 एप्रिल, रविवार

काल रात्री ओंकार आणि त्याच्या दोस्ताने पराक्रम केला. गाडीत अजून काहीच बसवलं नव्हतं म्हणून दोस्ताच्या गाडीत, त्याच्या वायरिंगवर, त्याच्याच पेटीत वूफर ठेवून दोन्ही कॉइल पॅरलल. 1 ओहम. "फक्त ऐकून बघू."

ऐकलं. पहिली दोन मिनिटं झकास वाजलं म्हणतो. मग प्रत्येक ठोक्याला आवाज तुटायला लागला, लाल दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. यांनी काय केलं, तर बंद करून चालू करायचं. सात-आठ वेळा. शेवटी ॲम्पच्या कवचाला हात लावला आणि चटका बसला, तेव्हा थांबले.

आज सकाळी ॲम्प माझ्या टेबलावर. झाकण उघडून वास घेतला, जळका वास नाही, कपॅसिटर फुगलेले नाहीत. बेंचवरच्या सप्लायवर लावला, 8 ओहमचा मोठा रेझिस्टर लोड म्हणून जोडला, व्यवस्थित चालला. वाचला. मी ओरडलो नाही. ओंकार मान खाली घालून बसला होता, त्यावर ओरडून काय मिळणार. त्याला वहीतलं 13 एप्रिलचं पान तेवढं उघडून दिलं.

मग त्याने एक प्रश्न विचारला आणि तो खरंच चांगला होता. "मामा, एकच कॉइल जोडली तर? ती 2 ओहमची आहे. 350 वॉट मिळतील."

मिळतील, आणि ॲम्पची काही तक्रारही नसेल. तक्रार वूफरची. 300 वॉट ही दोन्ही कॉइलची मिळून ताकद आहे, उष्णता दोघींत वाटून जाते. एकीवर सगळं टाकलं तर झेपणार दीडशे, देणार साडेतीनशे. शिवाय कोनला आवरून धरणारी चुंबकीय पकड निम्मी होते. क्यूईएस हा आकडा (पकड जितकी सैल तितका मोठा) दुप्पट होतो, मग पेटीचा सगळा हिशोब बदलतो आणि बेस सैल, घुमणारा येतो. कधी एक कॉइल वापरायची वेळ आलीच तर दुसरी मोकळी सोडायची, टोकं एकमेकांना जोडायची नाहीत, नाही तर तीच ब्रेकसारखी धरते.

दोस्ताकडे एक जुना चार चॅनलचा ॲम्पही पडून आहे म्हणे, ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच वूफर चालवायला लावता येईल. ब्रिज केल्यावर 4 ओहमचा वूफर प्रत्येक चॅनलला 2 ओहमसारखा दिसतो. आपला वूफर सिरीजमध्ये 4 चा, म्हणजे तसं जमलं असतं. पण त्या ॲम्पचं माहितीपत्रक नाही, फ्यूजच्या जागी कोणी तरी तारेचा तुकडा घातलाय. नको.

5 मे, रविवार

वाटा मांडून झाल्या. 1 ओहमला टिकणारा दुसरा ॲम्प घ्यायचा. किंवा वूफर विकून 4 अधिक 4 चा घ्यायचा. किंवा अगदी असाच दुसरा वूफर घ्यायचा : प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये म्हणजे 4 आणि 4, मग ते दोन पॅरलल, बरोबर 2. किंवा आहे तेच सिरीजमध्ये, 4 ओहमवर, 200 वॉटवर गप्प वाजवायचं.

मी चौथ्या बाजूने. ओंकारचा चेहरा "350 चे 200" असा झाला. त्याला विचारलं, कानाला किती फरक पडेल? पॉवर दुप्पट झाली की आवाज वाढतो 3 डेसिबलने. 200 ऐवजी 350 म्हणजे 2.4 डेसिबल. दुप्पट मोठा आवाज वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 2.4 डेसिबल म्हणजे स्टिरिओच्या बटणाचा एखाद-दुसरा टप्पा. वूफरचं तोंड सीटकडे ठेवलंय की डिकीच्या दाराकडे, याने बेस त्याहून जास्त बदलतो. ते करून पाहायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी. बॅटरी 35 अँपिअर अवरची. ॲम्प 200 वॉटला पूर्ण जोरात सुमारे 19 अँपिअर ओढेल, 350 ला 33. संध्याकाळी घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत गाडी रांगत असते. एसी चालू, हेडलाइट चालू, इंजिन आयडलवर. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो. तिथे हे जास्तीचे 14 अँपिअर बॅटरीच्या अंगावर येणार. गाणं म्हणजे सलग ठोका नसतो, सरासरी बरीच कमी असते, हे मान्य. तरी ताईची गाडी सकाळी चालू झाली नाही तर मला फोन येणार, ओंकारला नाही.

दोस्ताचा आक्षेप असा की 300 च्या वूफरला 200 चा ॲम्प लावला तर वूफर जळतो. हे मी वीस वर्षं ऐकतोय. कमी पॉवरने काही जळत नाही, नाही तर हळू आवाजात ऐकणाऱ्यांचे सगळे स्पीकर जळाले असते. जळतो तो हावरेपणाने. आवाज पुरत नाही म्हणून गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) पिळला, लाटेची शेंडी कापली गेली, गोल लाट चौकोनी झाली. पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे पिळलेला 200 चा ॲम्प वूफरमध्ये 400 पर्यंत उष्णता ओतू शकतो. गेन सांभाळला तर 200 वर हा वूफर म्हातारा होईल.

ठरलं : सिरीज, 4 ओहम. काढलेला जंपर परत लावायचा. जुन्या मालकाला अक्कल होती म्हणायची.

12 मे, रविवार

पेटी. कंपनीच्या तक्त्यात 2 अधिक 2 च्या रकान्यात : एफएस 29 हर्ट्झ (मोकळ्या वूफरचा रेझोनन्स, म्हणजे कोन आपोआप झुलतो ती गती), क्यूटीएस 0.48 (ते झुलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा), व्हीएएस 58 लिटर. या आकड्यांवरून पेटी काढायची रीत ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांची, म्हणून यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. व्हीएएस म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकीच लवचीक हवा किती लिटर, ते. पेटी त्याहून लहान केली की आतली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते.

ताईच्या पिशव्या जमेस धरून 34 लिटरची बंद पेटी. 58 भागिले 34 म्हणजे 1.7, त्यात 1 मिळवून वर्गमूळ 1.645. तेवढ्या पटीने दोन्ही आकडे वर जातात : क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) 0.79, रेझोनन्स 48 हर्ट्झ. आदर्श 0.707 धरतात, त्याला याहून बरीच मोठी पेटी लागली असती. 0.79 ला काही वाईट नाही, बेसला किंचित गोलाई येते, ढोलकीला बरी वाटते.

आतलं माप 50 बाय 33 बाय 22.5 सेंमी, म्हणजे 37.1 लिटर. वूफरने अडवलेली अडीच लिटर आणि मधल्या आडव्या पट्टीची अर्ध्या लिटरहून थोडी जास्त वजा केली की 34. 18 एमएमचं एमडीएफ. लोकमान्यनगरच्या सुताराने तुकडे सरळ कापून दिले, गोल मात्र मी जिगसॉने कापला आणि तो अंड्याच्या आकाराकडे झुकला. रिंगखाली गॅस्केट पट्टी लावली, दिसत नाही.

फेविकॉल, स्क्रू, क्लॅम्प. सुकायला सोसायटीच्या आवारात शेडखाली ठेवली.

13 मे, सोमवार

दुपारनंतर धुळीचं वादळ. चार वाजता रात्र झाल्यासारखं, मग पाऊस. कारखान्यातली लाइट गेली. आधी घरचे सुखरूप आहेत ते फोन करून पाहिलं, पेटीची आठवण रात्री आली. शेडचा पत्रा उचकटलेला, पेटी एका बाजूने भिजलेली, खालची कड फुगून बिस्किटासारखी झालेली. चहात बुडवलेल्या.

फुगलेला तळ काढून नवीन घातला, तो 18 मे ला. या वेळी आतून-बाहेरून सीलरचे दोन हात. ते आधीच द्यायला हवे होते. ठाण्याच्या पावसाळ्यात कोरडं एमडीएफ गाडीत ठेवणं म्हणजे जुलैपर्यंतची पेटी.

20 मे, सोमवार. मतदानाची सुट्टी

सकाळी सातला रांगेत, बोटाला शाई, नऊला गाडीखाली.

पॉवरची वायर डाव्या बाजूने, आरसीए उजव्या बाजूने, एकत्र बांधायच्या नाहीत. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो : बॉनेटच्या पत्र्यावर वायर घासून उघडी पडली तर आग लागू नये म्हणून. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

अर्थिंगला सर्वात जास्त वेळ लावला. डिकीतला एक मोकळा बोल्ट निवडला, सीट बेल्टच्या बोल्टला हात लावला नाही. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, लग दाबून बसवला, वरून ग्रीस. मग इंजिन चालू ठेवून गाणं लावलं आणि ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर लावला : 0.08 व्होल्ट. ओहमवर मोजण्यात अर्थ नाही, एवढे बारीक ओहम साध्या मीटरला दिसत नाहीत. करंट वाहताना व्होल्ट मोजायचे.

स्टिरिओला वूफरचं वेगळं आउटपुट आहे, त्यामुळे स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढणारा कन्व्हर्टर लागला नाही. रिमोटची निळी वायर (स्टिरिओबरोबर ॲम्प चालू करणारी) जोडली. दुपारी तीनला पहिला ठोका. ओंकारने डोळे मिटले. ताईने गॅलरीतून हात केला : हळू.

26 मे, रविवार

गेन. हा कानाने लावायचा नसतो, निदान पहिल्यांदा नाही. वूफरची वायर सोडली. ॲम्पचा बेस बूस्ट शून्यावर, फिल्टर (वरचे सूर अडवणारा) 80 हर्ट्झ. फोनमध्ये 50 हर्ट्झचा सलग टोन, स्टिरिओचा आवाज 40 पैकी 30. 200 गुणिले 4, त्याचं वर्गमूळ 28.3. आउटपुटवर एसी 28.3 व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला, तिथे मार्करने खूण केली आणि ओंकारला सांगितलं, ही लक्ष्मणरेषा. साध्या मीटरला 50 हर्ट्झ नीट मोजता येतात, घरातल्या लाइटचेच तेवढे असतात.

हे झाल्यावर दुपार माझी होती. कारखान्यातला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) आणला होता. वूफर परत जोडला, 20 व्होल्टवर वेगवेगळे टोन वाजवून वायरीतला करंट मोजला. (करंट कमी असेल तर वायरीचे दोन वेढे क्लॅम्पमधून घ्यायचे आणि आकडा निम्मा करायचा.) 100 हर्ट्झला 3.9 अँपिअर, म्हणजे साधारण 5 ओहम. ठीक. 50 हर्ट्झला फक्त 0.9. परत मोजलं. 0.9 च. 20 भागिले 0.9 म्हणजे 22 ओहम!

चूक नाही. 48 हर्ट्झच्या आसपास पेटीतल्या वूफरचा रेझोनन्स आहे. तिथे कोन आपल्या मर्जीने झुलतो, झुलताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो आणि ॲम्पचा करंट अडवतो. मोटर रिकामी फिरताना कमी करंट घेते, तेच. म्हणजे ज्या "4 ओहम"वरून महिनाभर वही भरली, तो आकडा वूफरच्या आयुष्यात दोन-चार ठिकाणीच खरा. ॲम्पने जपायचं ते खालच्या टोकाला, म्हणून लेबलवर खालचा आकडा लिहितात. आणि 50 हर्ट्झच्या ठोक्याला आमचा 200 वॉटचा ॲम्प 28 व्होल्टला चाळीसही वॉट देत नाही, तरी काच थरथरते.

ओंकारला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे 1 ओहमला लावला तेव्हाही तो 1 नव्हता?" बाकी ठिकाणी नव्हता, पण जिथे होता तिथे चटका बसला.

9 जून, रविवार

मुंबईत मॉन्सून आल्याचं आज हवामान खात्याने जाहीर केलं. उपवनपर्यंत चक्कर मारून चाचणी.

एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी. अल्टरनेटरची. स्टिरिओचं अर्थ कंपनीच्या बारीक वायरीवर होतं, ते वेगळं घेतलं, गेली. मागची नंबर प्लेट खडखडत होती, मागे फोमच्या दोन टिकल्या. आयडलवर एसी, हेडलाइट, वायपर आणि जोरात बेस : 13.9 वरून 13.3 व्होल्ट. चालेल.

रात्री दहानंतर सोसायटीत येताना वूफर बंद. नियमाने निवासी भागात रात्री 45 डेसिबल. समोरच्या आजोबांना नियम माहीत नाही, पण त्यांची काठी माहीत आहे.

22 जून, शनिवार

ओंकारला आता दुसरा वूफर हवाय. हिशोब त्यानेच करून आणला होता : दोन वूफर, 2 ओहम, 350 वॉट, प्रत्येकाला 175. पॉवरचे 2.4 डेसिबल आणि दोन कोन एकत्र ढकलण्याचे आणखी 3, मिळून साडेपाचच्या जवळ. तपासला. बरोबर आहे. पहिल्यांदा मला खोडायला काही सापडलं नाही.

ते ताईने खोडलं. सीएनजी किट बसवायचं नक्की केलंय, पुढच्या आठवड्यात सिलिंडर येतंय, 60 लिटरचं. फिटरने टेपने मोजून दाखवलं, सिलिंडर बसल्यावर डिकीत उरणार 19 सेंमी. आपली पेटी बाहेरून 26. पिशव्या कुठे ठेवणार विचारलं तर म्हणाली, "मागच्या सीटवर. पेट्रोलचे पैसे तरी वाचतील."

संध्याकाळी ओंकारचा मेसेज. सीटखाली मावेल असा 8 इंची वूफर कोणी तरी विकतोय, फोटो सोबत, खाली विकणाऱ्याचं वाक्य : "डबल कॉइल, 4 ओहम, मोजून दिला आहे." दोन मिनिटांनी फोटो मोठा करून परत पाठवला, टर्मिनलपाशी लाल गोल काढलेला. "मामा, इथे जंपर दिसतोय. तो काढून मोजायला सांगू का त्याला?"